बारा हजारात डोंबिवलीत वनबीएचके मिळेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात बऱ्याच गोष्टी एकाच दमात आल्यात. कराडहून येताय, ऐरोली स्टेशनजवळच्या आयटी पार्कात नोकरी लागलीये, हातात चौतीस हजार येणार, लग्नाला वर्ष झालंय, मिसेस आत्ता घरी आहेत पण नोकरी बघणार आहेत, दिवाळीनंतर आई कायमच्या राहायला येणार, बजेट बारा हजार, तर डोंबिवलीत वनबीएचके मिळेल का आणि कुठल्या भागात बघू. मी डोंबिवलीत १९ वर्षं भाड्याच्या रूमचं काम करते, खरेदी-विक्रीत फारशी पडत नाही, भाड्याचंच करते, त्यामुळे जे रोज बघते तेच सांगते.

मिळते. बारा हजारात वनबीएचके मिळते, पण ती स्टेशनपासून लांब असते, नाहीतर जवळ असली तर तिच्यात काहीतरी असतं, म्हणजे बिनलिफ्टचा चौथा मजला, किंवा टेरेसखालची रूम जिचं छत पावसाळ्यात गळतं, किंवा पाणी दिवसातून अर्धा तास. आता यातलं काय चालवून घ्यायचं हे तुमच्या घरातल्या माणसांवर आहे आणि ते मला इथून कळत नाही. तीन गोष्टी तुम्ही सांगितलेल्या नाहीत, त्यावर अर्धं उत्तर फिरतं. आईंना जिना चढता येतो का, मिसेस कुठल्या दिशेला नोकरी बघणार, आणि तुमच्याकडे बाईक आहे का. 

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न भाड्याचा नाहीच, चौतीस हजारात तीन माणसांचा महिना कसा निघायचा आणि रोज तीन तास प्रवासात न जाता कसा निघायचा, हा आहे. भाड्याचा आकडा हा त्यातला एक तुकडा. लोक आकडा धरून बसतात, अकरा हजारात मिळाली म्हणून खूश होतात आणि सहा महिन्यांनी परत माझ्याकडे येतात, ताई स्टेशनजवळ काहीतरी बघा म्हणून, आणि मग ब्रोकरेज दुसऱ्यांदा, टेंपो दुसऱ्यांदा, ॲग्रीमेंट दुसऱ्यांदा. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिल्या भेटीतच वहीवर हिशोब मांडून देते.

तो हिशोब असा. समजा मानपाडा रोडला बऱ्याच आत एक रूम आहे अकरा हजाराची, आणि रामनगर किंवा विष्णुनगरला स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर जुन्या बिल्डिंगमध्ये एक आहे सोळाची. फरक पाच हजाराचा. आता लांबच्या रूमवरून शेअर रिक्षाचे एका सीटचे वीस धरा, जाऊन येऊन चाळीस, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे हजार. मिसेस नोकरीला लागल्या की दोन हजार. रात्री उशिरा उतरलात की शेअर रिक्षा मिळत नाही, अख्खी करावी लागते, महिन्यातून चार-पाच वेळा तरी होतंच. त्या भागात पाणी कमी असलं तर प्यायला जार आणि टँकरचा जो वाटा सोसायटी मागेल तो. करत करत पाचातले तीन हजार तिकडेच गेले. तरीही लांबची रूम दोन हजारांनी स्वस्त राहते हे खरं आहे, मी ते नाकारत नाही, पण त्या दोन हजारांसाठी रोजचा पाऊणएक तास आणि पावसात रिक्षाच्या लायनीत उभं राहणं हे विकत घेताय. ज्याला बाईक आहे आणि बायको घरी आहे त्याने लांबची घ्यावी. दोघं नोकरीला जाणार असतील तर मी जवळचीच सुचवते, किंवा मधली, आणि तुम्हाला मधली सुचवेन, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतली, तेरा ते चौदा हजाराची. म्हणजे बजेट हजार-दोन हजारांनी वाढवा आणि रिक्षाचा खर्च शून्यावर आणा.

आता तुमच्या बाबतीत एक गोष्ट चांगली आहे जी सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाला मिळत नाही. तुम्हाला फास्ट लोकलची गरज नाही. ऐरोलीला जायचं म्हणजे ठाण्याला उतरायचं, पूल चढून ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या, प्लॅटफॉर्मवर जायचं, मग दिघा गाव आणि पुढचं ऐरोली, संपलं. डोंबिवली ते ठाणे स्लो गाडीने पंचवीसेक मिनिटं लागतात, फास्टने पाच-सात मिनिटं वाचतात, त्यापेक्षा जास्त नाही. मग जिथे फक्त स्लो थांबते अशी दोन स्टेशनं तुमच्यासाठी उघडी होतात, ठाकुर्ली आणि कोपर. बाकीची पार्टी, म्हणजे रूम शोधणारे लोक, फास्टसाठी डोंबिवलीच्याच मागे असते म्हणून या दोन ठिकाणी त्याच साइजची रूम थोडी कमी भाड्यात मिळते. दोघांत मी ठाकुर्ली आधी बघायला सांगेन, कारण सकाळी गाडी कल्याणकडून येते, ठाकुर्लीला अजून आत शिरता येतं, डोंबिवलीला ती भरते, कोपरला दारात पाय ठेवायला जागा नसते. हे हसण्यावारी नेऊ नका. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं दोन गाड्या एकमेकींच्या बाजूने जाताना पडली आणि गेली, सगळी आपल्यासारखी कामाला निघालेली. त्या दिवसापासून मी पार्टीला रूम दाखवताना गाडीत कुठून चढणार हे विचारते, पूर्वी विचारत नव्हते.

ठाकुर्लीत पूर्वेला ९० फूट रोड आणि कंचनगाव, खंबाळपाडा ही बाजू बघा. ९० फूट रोडच्या नव्या बिल्डिंगा तुमच्या बजेटच्या वर जातील, पण कंचनगावच्या आतल्या बाजूला जमू शकतं. डोंबिवलीतच राहायचं असेल तर पश्चिमेला सुभाष रोड, नवापाडा, गुप्ते रोडची मागची बाजू, कोपर रोड, हे सगळं चालत अंतर आहे. उमेशनगर, देवीचा पाडा, गरिबाचा वाडा इथे भाडं उतरतं पण चालणं वाढतं. पूर्वेला रामनगर, टिळकनगर, फडके रोडचा परिसर सगळ्यांनाच हवा असतो, आईंना गणेश मंदिर जवळ, भाजी जवळ, डॉक्टर जवळ, पण तिथलं भाडं गेल्या काही वर्षांत फार चढलंय आणि त्याचं एक कारण बाहेरच्यांना कळत नाही. तिथल्या जुन्या बिल्डिंगा एकामागून एक रिडेव्हलपमेंटला जातायत, त्यातल्या कुटुंबांना बिल्डर भाडं देतो, आणि मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे डॉक्टर सगळं तिथेच असल्यामुळे ती कुटुंबं त्याच गल्लीत दुसरी रूम शोधतात. भाडं बिल्डरच्या खिशातून जात असल्यामुळे ते घासाघीस कमी करतात. त्यांच्याशी तुम्ही पगारातून स्पर्धा करू नका, त्रासच होईल.

आणि जुन्या बिल्डिंगमध्ये रूम घेताना आधी विचारा, रिडेव्हलपमेंटची मीटिंग झालीये का. मालक सांगणार नाही, पण खाली वॉचमनला किंवा पहिल्या मजल्यावरच्या आजींना विचारलं की सगळं कळतं. झाली असेल तर सहा-आठ महिन्यांत रूम खाली करायला सांगतील. इमारत तीस वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालंय का तेही विचारा, महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात नाव नाही ना ते बघा. २०१५ मध्ये ठाकुर्लीत इमारत कोसळून माणसं मेली तेव्हा मी त्याच भागात रूम दाखवत होते. बीमला गंज चढून सळ्या दिसत असतील, जिन्याखाली लाकडाचे टेकू लावले असतील तर कितीही स्वस्त असू दे, मागे फिरा.

पाण्याचं मी वेगळं सांगते कारण याच एका गोष्टीत माझ्याकडून चूक झालीये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जोडप्याला नांदिवलीच्या पुढे रूम दिली, छान हवेशीर, नवीन टाइल्स, भाडं कमी, आणि मी पाण्याचं मालकाला विचारलं, तो म्हणाला भरपूर आहे, मी विश्वास ठेवला. बोअरिंगचं भरपूर होतं. प्यायचं पाणी दिवसाआड, तेही रात्री दीड वाजता. घरात तान्हं बाळ. चार महिन्यांत त्यांनी सोडली आणि मी माझं ब्रोकरेज परत दिलं, पण त्या बाईने चार महिने रात्री उठून बादल्या भरल्या त्याचं काय. तेव्हापासून मी पाण्याच्या वेळेला स्वतः जाऊन नळ उघडून बघते. डोंबिवलीच्या बाजूने जी २७ गावं महापालिकेत २०१५ साली पुन्हा घेतली, नांदिवली, सागाव, भोपर, गोळवली, पिसवली वगैरे, तिकडे बिल्डिंगा आधी उभ्या राहिल्या आणि पाण्याच्या लाइनी मागून येतायत, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांत फरक असतो. एकीत चोवीस तास, दुसरीत टँकर. म्हणून भाग विचारून भागत नाही, बिल्डिंग विचारावी लागते. मालकाला, ब्रोकरला विचारू नका. शेजारच्या दाराची बेल वाजवा आणि जी बाई दार उघडेल तिला विचारा की पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, गेल्या उन्हाळ्यात टँकर लागला का, आणि शटडाऊन असला की दुसऱ्या दिवशी प्रेशर येतं का. दोन मिनिटांत खरं कळतं. आई घरी असणार, त्यामुळे पाणी आलं की भरायला कोणीतरी असेल, हे तुमच्या बाजूने आहे, पण भरायला त्यांना वाकावं लागणार, बादल्या उचलाव्या लागणार, हेही बघा.

बेकायदा बिल्डिंगचा विषय भाडेकरूला वाटतो आपला नाही, विकत घेणाऱ्याचा आहे. आता तसं राहिलं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला, खोटी कागदपत्रं करून बिल्डरांनी महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर मिळवला होता. त्यात लोन काढून घर घेतलेली माणसं तर अडकलीच, पण जिथे अशी नोटीस लागते तिथे मालकाचेच पैसे बुडत असतात, तो तुमचं डिपॉझिट कुठून देणार. म्हणून अगदी नवी चकचकीत बिल्डिंग, लिफ्टबिफ्ट, आणि भाडं आजूबाजूपेक्षा दोन-तीन हजारांनी कमी, असं दिसलं की मालकाला ओसी, म्हणजे इमारत राहायला वापरायची परवानगी देणारा महापालिकेचा दाखला, आहे का विचारा. मालकाला ओसी म्हणजे काय हेच माहीत नसेल तर त्यातच उत्तर आलं.

एमआयडीसीचा निवासी भाग रुंद रस्ते, झाडं, बंगले म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्याला आवडतो आणि तिथे भाडंही परवडतं कधीकधी. पण २०१६ च्या मे मध्ये आणि परत २०२४ च्या मे मध्ये तिथल्या कंपन्यांत स्फोट झाले, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसं गेली. रात्री वासही येतो. आईंना दमा असेल तर मी तिकडे दाखवणारच नाही, नसेल तरी रात्री दहानंतर एकदा तिथे उभं राहून श्वास घेऊन बघा मग ठरवा.

बाईक असेल तर अजून एक पर्याय, पलावा ही मोठी नवी वसाहत आणि कल्याण-शिळ रोडची बाजू. तिथे रूम भरपूर रिकाम्या असतात, लिफ्ट, पार्किंग, पाणी ठीक, आणि जुन्या डोंबिवलीच्या भाड्यात नवी रूम मिळून जाते. शिळफाटा, महापे करत ऐरोलीला बाईकने जाता येतं. पण शिळफाट्याचं ट्रॅफिक सकाळी एकदा स्वतः गाडी घालून अनुभवा, आणि पावसाळ्यात त्या रोडवरून रोज दोनदा बाईक ही माझ्या मुलाला मी करू देणार नाही, मग तुम्हाला कशी सांगू. निळजे स्टेशन आहे जवळ पण तिथे गाड्या मोजक्या. आणि कोणी सांगेल मेट्रो येतेय, कळवा-ऐरोली लिंक, म्हणजे ठाण्याला न उतरता ऐरोलीकडे नेणारा रेल्वेमार्ग, झाली की थेट गाडी, म्हणून भाडं एवढं. अहो तुम्ही भाड्याने राहणार, जे सुरू झालं नाही त्याचे पैसे आज का द्यायचे. घर विकत घेणारा देऊ दे.

रूम बघायला शक्यतो पावसात या. लोक उन्हाळ्यात बघतात, रंग दिलेला असतो, सगळं सुंदर. पावसात भिंतीला हात लावला की ओल कळते, बाथरूमच्या वरच्या छताला पिवळा डाग दिसतो, गल्लीत पाणी कुठवर साचतं ते दिसतं. आणि एक सांगू, पितृपक्षात बघा. त्या पंधरा दिवसांत कोणी नव्या घरात कलश ठेवत नाही, रूम रिकाम्या पडून असतात, मालकाला महिन्याचं भाडं बुडताना दिसत असतं, तेव्हा हजार-पाचशे सहज कमी होतात. टोकन तेव्हा द्या, राहायला घटस्थापनेला जा, म्हणजे आईंचंही मन राहील. याउलट मार्च ते जून, शाळा बदलायच्या दिवसांत, कोणी काही कमी करत नाही.

आत गेल्यावर सगळे हॉल बघतात, मी आधी किचनमध्ये जाते. ओटा किती लांब, सिलेंडर की पाइप गॅस, फ्रिजला प्लग कुठे, खिडकीला एक्झॉस्ट आहे का. मग कपडे वाळत घालायला जागा कुठे, तीन माणसांचे कपडे पावसाळ्यात हॉलमध्ये दोरी बांधून वाळवावे लागले तर महिनाभर घराला वास. टॉयलेट कमोड आहे की इंडियन, आईंच्या गुडघ्यांचा विचार करा. आई हॉलमध्ये झोपणार असतील तर बाथरूमला जायला तुमच्या बेडरूममधून जावं लागतं का, हे नकाशात असं असतं काही रूममध्ये, आणि नंतर रोजची कुचंबणा होते, सगळ्यांचीच.

पैशाचं आता. तेरा हजाराची रूम धरली तर हातात किती हवेत. डिपॉझिट आमच्याकडे साधारण पन्नास हजार मागतात, पहिलं भाडं तेरा, ब्रोकरेज एका महिन्याचं तेरा, ॲग्रीमेंटचे अडीच-तीन हजार, झाले ऐंशीच्या आसपास, वर कराडहून सामानाचा टेंपो आणि पंखे-पडदे-गॅस. नव्वद हजार बाजूला असल्याशिवाय टोकन देऊ नका. पगार व्हायच्या आधी हे लागणार म्हणून बरेच जण कर्ज काढतात, त्यापेक्षा पहिला महिना पीजीत किंवा नातेवाइकांकडे काढा, स्वतः फिरून रूम बघा, मग मिसेसना आणा. मालकाशी बोलताना भाडं कमी होत नसेल तर डिपॉझिट कमी करायला सांगा, पन्नासचे चाळीस करायला बरेच मालक तयार होतात कारण ते पैसे तसेही परतच द्यायचे असतात.

ॲग्रीमेंट रजिस्टरच करायचं. नोटरी केलेलं चालतं असं सांगणारा मालक किंवा ब्रोकर भेटेल, त्याला नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणी केलेलं ॲग्रीमेंट सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचं असलं तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगतो त्या खऱ्या धरल्या जातात, हे मालकाला शांतपणे सांगितलं की तो स्वतःच तयार होतो. खर्चही फार नाही. अकरा महिन्यांचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. तुमच्या आकड्यात ती चारशेच्या आत येते. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. बाकी जे घेतात ती घरी मशीन घेऊन येणाऱ्या माणसाची फी आणि किरकोळ शुल्क. आधारवर अंगठा, फोटो, घरबसल्या होतं. खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यायची पद्धत आहे.

शक्य असेल तर अकराऐवजी बावीस किंवा तेहेतीस महिन्यांचं करा, दर अकरा महिन्यांनी किती वाढ ते त्यातच लिहून. स्टॅम्पचा दर तोच राहतो, आणि दरवर्षी रिन्यूअलला परत ब्रोकरेज मागणारे आमच्यातलेच लोक आहेत त्यांच्यापासून सुटका. मात्र लॉक-इन, म्हणजे ज्या काळात रूम सोडता येत नाही तो, सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका आणि नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंना सारखी. डिपॉझिट चावी देताना त्याच दिवशी परत, असं वाक्य घाला, "नंतर" हा शब्द ॲग्रीमेंटमध्ये दिसला की खोडा. रंगाचे पैसे कापणार का ते आधीच विचारा. सगळे पैसे बँकेतून द्या, मालकाच्याच खात्यात, त्याच्या भावाच्या नाही. लाइट बिल, मेंटेनन्सची पावती आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदीची नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा) यांवर एकच नाव आहे ना ते मिळवून बघा, लाइट बिल जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ते बऱ्याचदा साधं आळसाचं असतं, पण इंडेक्स टू मागाच. मालकाचा पॅन लागेल तुम्हाला, जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर एचआरएसाठी, म्हणजे घरभाड्यावरच्या करसवलतीसाठी, ऑफिस मागतंच.

सोसायटीने भाडेकरू ठेवला म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावले तर ते मालकाने भरायचे असतात, आणि तेही सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंतच, २००१ चा सरकारी आदेश आहे. काही मालक ते गुपचूप भाडेकरूच्या माथी मारतात, म्हणून भाडं मेंटेनन्स धरून की सोडून हे पहिल्या फोनवरच विचारा.

कोणीतरी तुम्हाला हेवी डिपॉझिटचं सुचवेल, पाच-सहा लाख द्या आणि भाडं शून्य. गावाकडे जमीन विकून किंवा आईंच्या एफडी मोडून लोक हे करतात, आणि दर महिन्याचं भाडं वाचतं म्हणून ते खूप चांगलं वाटतं. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने कल्याणला असं केलं होतं. दोन वर्षं छान गेली, मग एका दिवशी दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली, मालकाने त्या फ्लॅटवर कर्ज काढून हप्ते थकवले होते. घर सोडावं लागलं, पैसे मालकाकडे नव्हतेच, त्याने त्यातच आपलं दुसरं देणं भागवलेलं. त्या बाईंचं म्हातारपणाचं सगळं त्यात होतं. चौतीस हजार पगारात हा धोका तुम्ही घेऊच नका, आईंचे पैसे तर अजिबात नाही.

ऑनलाइन शोधणार असाल तर शोधा, माझी काही हरकत नाही, थेट मालक मिळाला तर तेरा हजार वाचतात. फक्त एक पक्कं, रूम डोळ्यांनी बघून, मालकाला भेटून मगच पैसे. आर्मीत आहे, बदली झालीये, गेटपाससाठी आधी पाच हजार टाका, क्यूआर पाठवतो, असा फोन आला की तिथेच बंद करा. फोटोत रूम अतिशय सुंदर आणि भाडं नऊ हजार, तेही स्टेशनजवळ, अशी रूम डोंबिवलीत नसते.

आणि एक कटू गोष्ट, पण सांगून ठेवते म्हणजे ऐनवेळी मनाला लागणार नाही. काही मालक आडनाव विचारतील, काही मटण-मासे खाता का विचारतील. मी असं विचारणाऱ्या मालकाची रूम घेत नाही, माणूस भाडं वेळेवर देतो आणि रूम नीट ठेवतो एवढंच मालकाचं बघायचं काम आहे. पण सगळे ब्रोकर तसं करत नाहीत. फोनवरच स्पष्ट सांगा, आम्ही तिघं, अमुक खातो, चालेल का. रिक्षाचे पैसे आणि अपमान दोन्ही वाचतं.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा धरा: आधी ठाकुर्ली पूर्व, मग डोंबिवली पश्चिमेची चालत अंतरातली बाजू, बजेट तेरा-चौदा, आईंसाठी पहिला मजला किंवा लिफ्ट, आणि नव्वद हजार हातात.

पुढच्या आठवड्यात जॉइनिंगच्या आधी एक दिवस याल असं लिहिलंय. तो दिवस रविवार ठेवू नका. कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला ठाकुर्लीहून गाडी पकडा, ऐरोलीपर्यंत जाऊन या, घड्याळ लावून. परत येताना संध्याकाळी सहाची गर्दी अनुभवा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेला दोन-तीन बिल्डिंगांत जाऊन बेल वाजवा. आईंचा गुडघ्याचा त्रास किती आहे आणि मिसेस कुठल्या कामाचं बघतायत ते कळवा, म्हणजे पूर्व की पश्चिम हे मला नक्की सांगता येईल. आणि ज्या दिवशी चावी घ्याल त्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी अख्ख्या रूमचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, भिंती, नळ, पंखे, आणि लाइटच्या मीटरचं रीडिंग, आणि तो तिथल्या तिथे मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या.